बाबा कधी प्यायले नाहीत, मग लिव्हर कॅन्सर कुठून आला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील ६७ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, दारूला कधी शिवले नाहीत, पंधरा वर्षांपासून शुगर. आता सीटीत लिव्हरमध्ये गाठ निघाली आणि ती लिव्हरच्याच कॅन्सरची ठरली. ओळखीचे डॉक्टर म्हणाले, "हल्ली हा कॅन्सर फार वाढलाय, कारणंही बदललीत." त्यावर तुम्ही विचारताय : खरंच वाढलाय का, कारणं बदलली म्हणजे नेमकं काय झालं, आणि तुम्ही भावंडांनी काय तपासून घ्यावं.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे माझं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी लिव्हरवर उपचार करणारी डॉक्टर नाही. एमबीबीएसनंतर पीएसएम (सामाजिक आरोग्यशास्त्र) केलं, म्हणजे ज्या विषयाला कॉलेजात कुणी हौसेनं जात नाही तो, आणि पुढची बावीस वर्षं कॅन्सर नोंदणीत गेली. हॉस्पिटलांच्या रेकॉर्ड रूम, पॅथॉलॉजीची रजिस्टरं, मृत्यू नोंदणीच्या वह्या आणि लागलं तर पेशंटचं घर, एवढं सगळं हिंडून कॅन्सरचे रुग्ण मोजायचे, हे काम. त्यामुळे बाबांच्या उपचाराबद्दल मी अवाक्षर काढणार नाही, ते त्यांची फाइल हातात असणाऱ्यानंच बोलावं. आकडा कसा तयार होतो आणि कशानं हलतो, तेवढं मात्र मी सांगू शकते.

"वाढलाय का" हा प्रश्न दिसतो एक, पण त्यात तीन प्रश्न दडलेले असतात. रुग्णांची संख्या वाढली का? लाखामागचा दर वाढला का? आणि एकाच वयाच्या दोन माणसांत, एक आजचा आणि एक तीस वर्षांपूर्वीचा, आजच्याला धोका जास्त आहे का? तुम्हाला खरं तर तिसरा प्रश्न विचारायचाय. वर्तमानपत्रं पहिल्याचं उत्तर देतात.

संख्या वाढली, यात वादच नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला लिव्हर कॅन्सरचे ३५ ते ४० हजार नवे रुग्ण होतात. सगळे कॅन्सर मिळून १४ लाखांच्या वर जातात, म्हणजे त्यातला हा छोटा वाटा. पण या कॅन्सरचं वाईट असं की वर्षातले मृत्यू जवळपास नव्या रुग्णांइतकेच असतात. आता यातली बरीच वाढ कशामुळे? आपल्याकडचं सरासरी आयुर्मान १९७०–७५ मध्ये ४९.७ वर्षं होतं, २०१४–१८ मध्ये ते ६९.४ झालं. लिव्हर कॅन्सर मुख्यतः पन्नाशी-साठीनंतरचा आजार. पूर्वी माणसं त्या वयाला पोचतच नव्हती. क्षय, अतिसार, बाळंतपण, काहीतरी आधी गाठायचं.

म्हणून आम्ही वयाचा फरक काढून टाकतो. तरुण बिहार आणि म्हातारं केरळ यांचे कच्चे दर शेजारी ठेवले तर केरळ उगाच आजारी दिसेल. त्यामुळे सगळ्यांना एकाच ठरावीक वयरचनेच्या मापात बसवून दर काढतात. तसा काढला तर भारताचा दर लाखामागे अडीच-तीनच्या आसपास येतो. मंगोलियात तोच नव्वदीच्या पुढे आहे. जगाच्या नकाशावर आपण अजूनही कमी दराचा देश आहोत, हे आधी डोक्यात ठेवा.

तरीही दुसरी एक भानगड उरते, आणि ती आमच्या धंद्यातली आहे. पूर्वी तालुक्याच्या गावात सोनोग्राफी नव्हती. माणूस पिवळा पडला, पोटात पाणी झालं, महिन्या-दोन महिन्यांत गेला. दाखल्यावर कारण "कावीळ" किंवा "जलोदर". मी नवीन असताना एका घरी गेले होते. म्हातारीनं नवऱ्याच्या आजाराचं असं वर्णन केलं की पुस्तकातून वाचून दाखवावं : उजव्या बरगडीखाली दगडासारखी गाठ, अंग वाळलेलं, पोट मात्र फुगलेलं. कागद एकही नाही. नियमानं मला तो मोजता आला नाही. असे किती निसटले असतील! आज त्याच गावापासून अर्ध्या तासावर सीटी मशीन आहे. म्हणजे वाढीतला एक वाटा मशीनचा.

उलटी चूकही होते. डिस्चार्ज कार्डावर "लिव्हर एसओएल" लिहिलेलं असतं, म्हणजे लिव्हरमध्ये काहीतरी जागा अडवून बसलंय, एवढंच. नवखा नोंदणी कर्मचारी ते लिव्हर कॅन्सर म्हणून टाकतो. मागे जाऊन कागद काढले की कळतं, मूळ कॅन्सर जठराचा किंवा मोठ्या आतड्याचा होता आणि लिव्हरमध्ये पसरला होता. आमच्याकडे येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्याच आठवड्यात हे घोटवून घेते. त्यात लिव्हरच्या गाठीची बायोप्सी बऱ्याचदा करतच नाहीत. रक्तस्राव होण्याची, सुईच्या वाटेनं पेशी पसरण्याची भीती असते, आणि सिरॉसिस झालेल्या, म्हणजे जखमांच्या व्रणांनी कडक झालेल्या लिव्हरमध्ये तीन टप्प्यांच्या सीटीवर चित्र इतकं स्पष्ट दिसतं की तुकडा काढायची गरज उरत नाही. उपचारासाठी हे ठीकच. मोजणाऱ्याची मात्र पंचाईत होते.

आणि मोजतो तरी किती जणांना? मुंबईची नोंदणी १९६३ ची, देशातली पहिली. इंडियन कॅन्सर सोसायटीनं ती उभी केली. आयसीएमआरचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८१ च्या अखेरीस सुरू झाला. ग्रामीण भागाची पहिली नोंदणी आपल्या बार्शीची, १९८७ ची. तिथे रुग्ण हॉस्पिटलात यायची वाट न बघता कर्मचारी गावोगाव जाऊन शोधत, हे त्या काळात मोठंच काम होतं. पण २०१२–१६ च्या राष्ट्रीय अहवालातही लोकसंख्येवर आधारित २८ नोंदणी केंद्रं होती आणि देशाची जेमतेम दहा टक्के लोकसंख्या त्यांच्या कक्षेत येत होती. म्हणजे "भारताचा दर" हा या दहा टक्क्यांवरून बांधलेला अंदाज आहे. तुमच्या डॉक्टरांना मात्र त्यांच्या वॉर्डात खरंच जास्त दिसत असतील. मोठ्या लिव्हर विभागाकडे चार जिल्ह्यांतून पेशंट पाठवले जातात, तिथून बघितलं की जग तसंच दिसतं.

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं : संख्या नक्की वाढली. त्यातला मोठा वाटा वयाचा, काही मशीनचा. उरलेली वाढ खरी आहे, पण "फार" म्हणण्याइतकी नाही. कारणांचं मिश्रण मात्र खरोखर बदलतंय, आणि सांगण्यासारखं तेच आहे.

लिव्हर कॅन्सर आज दिसला तरी तो आजचा नसतो. लिव्हरला इजा सुरू झाल्यापासून गाठ दिसेपर्यंत साधारण वीस ते चाळीस वर्षं जातात. सूज, मग व्रण, मग सिरॉसिस, मग गाठ. त्यामुळे एखाद्या देशाचा २०२५ चा दर वाचताना १९८५-९५ मध्ये तिथे काय चाललं होतं ते बघावं लागतं. मी तर विद्यार्थ्यांना वर्ष विचारूच देत नाही. जन्मसाल विचारा म्हणते. ज्या जन्मपिढीच्या रक्तात विषाणू गेला ती पिढी आपला कॅन्सर आयुष्यभर बरोबर घेऊन चालते, आणि ती पुढे सरकली की देशाचा आलेख वर किंवा खाली जातो.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण जपान आणि अमेरिका. दोन्हीकडे मुख्य गुन्हेगार एकच, हिपॅटायटिस सी हा रक्तातून पसरणारा, लिव्हरला सूज आणणारा विषाणू. जपानमध्ये तो दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे पसरला. युद्धानंतर उत्तेजक औषधांच्या सुया टोचून घेणं बोकाळलं होतं, आणि रक्तपेढ्या पैसे घेऊन रक्त विकणाऱ्यांवर चालत होत्या. १९६४ मध्ये टोकियोतले अमेरिकेचे राजदूत एडविन रायशावर यांच्यावर चाकूहल्ला झाला, रक्त चढवावं लागलं आणि त्या रक्तातून त्यांना कावीळ झाली. त्या गाजावाजानंतर जपाननं विकतचं रक्त बंद करून दानाच्या रक्ताकडे मोर्चा वळवला. पण तोवर १९३० च्या आसपास जन्मलेल्या पिढीच्या अंगात विषाणू शिरून बसला होता. ती पिढी सत्तरीला पोचली तेव्हा, म्हणजे २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, जपानमध्ये लिव्हर कॅन्सरचे मृत्यू वर्षाला ३४ हजारांच्या घरात गेले आणि मग उतरायला लागले. अमेरिकेत हाच विषाणू साठ-सत्तरच्या दशकांत पसरला, १९४५ ते १९६५ मध्ये जन्मलेल्यांत. म्हणून तिथला दर १९८० नंतर सतत चढत तिपटीवर गेला आणि २०१५ च्या सुमारास टेकला. रोग तोच, विषाणू तोच. फक्त तो कोणत्या सालच्या लोकांत शिरला एवढाच फरक, आणि दोन्ही आलेखांच्या शिखरांत दहा-पंधरा वर्षांचं अंतर.

इजिप्तची गोष्ट याहून वाईट, कारण तिथे रोग सरकारी मोहिमेतूनच पसरला. नाईलच्या कालव्यांत उतरणाऱ्या शेतकऱ्यांना शिस्टोसोमा नावाच्या कृमीचा त्रास होता. त्यावर १९५० नंतर तीसेक वर्षं गावोगाव टार्टर एमेटिकची इंजेक्शनं दिली गेली, त्याच त्या काचेच्या सिरिंजांनी. कृमी आटोक्यात आला, हिपॅटायटिस सी घरोघरी गेला. पुढे २०१८–१९ मध्ये त्याच देशानं सात महिन्यांत जवळपास पाच कोटी लोकांची तपासणी केली आणि सापडलेल्यांना गोळ्या दिल्या. हे जगात दुसऱ्या कुणी केलेलं नाही. पण ज्यांना सिरॉसिस आधीच झालाय त्यांचा कॅन्सरचा धोका विषाणू गेल्यावर कमी होतो, संपत नाही, म्हणून तिथला दर लगेच कोसळेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही.

उतरत्या आलेखाचं तैवानचं उदाहरण आम्ही सगळेच देतो. तिथे हिपॅटायटिस बी होता, आईकडून बाळाला जाणारा. जुलै १९८४ पासून त्यांनी नवजात बाळांना लस द्यायला सुरुवात केली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतला लिव्हर कॅन्सर १९८१–८६ मध्ये लाखामागे ०.७० होता, १९९०–९४ मध्ये ०.३६ झाला. लसीनं कॅन्सर टळतो याचा हा पहिला मोठा पुरावा.

मला स्वतःला मात्र चीनमधलं चीदोंग जास्त आवडतं, कारण तिथे डॉक्टरांचं काहीच कर्तृत्व नाही. यांगत्सेच्या मुखाशी असलेला हा भाग, लिव्हर कॅन्सरसाठी बदनाम. लोक मका खायचे, आणि दमट हवेत साठवलेल्या मक्यावर बुरशी धरायची. त्या बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ऐंशीच्या दशकात धान्याचं सरकारी धोरण सैल झालं, हातात पैसा आला आणि माणसं मका सोडून भाताकडे वळली. लस घेतलेली पिढी अजून लहान होती, तोवरच तरुण प्रौढांतला लिव्हर कॅन्सर अर्ध्याहून खाली आला. हिपॅटायटिस बीचं प्रमाण होतं तेवढंच होतं. बदललं ते ताट. शांघायच्या एका अभ्यासातला हिशेब सांगते म्हणजे हे कसं घडलं ते कळेल : नुसत्या अफ्लाटॉक्सिननं धोका सुमारे तिप्पट, नुसत्या हिपॅटायटिस बीनं सुमारे सातपट, आणि दोन्ही एकत्र असतील तर जवळपास साठपट. बेरीज करून बघा, जुळत नाही. एक पाय काढला की दुसराही लुळा पडतो तो असा.

आता आपल्याकडे या. बुरशीचा मका आपल्यालाही परका नाही. १९७४ मध्ये अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात आदिवासी पाड्यांमध्ये शंभरावर माणसं दगावली होती. ती तडकाफडकी विषबाधा होती, कॅन्सर नव्हे. रोज थोडं थोडं पोटात जाणारं विष वेगळं, त्याचा गाजावाजा होत नाही. तुमच्या घरी खवट, काळपट शेंगदाणे निवडून "कुटात चालतील" म्हणून ठेवत असतील तर ते फेकून द्या. भाजून किंवा कुटून ते विष जात नाही.

विषाणूंचं बोलायचं तर बाबांची पिढी आठवा. जन्म १९५७-५८ चा. त्यांच्या लहानपणी लस नव्हतीच. हिपॅटायटिस बीचा विषाणूच मुळी साठच्या दशकात बरूख ब्लुम्बर्ग यांना सापडला. म्हणूनच जुनेजाणते लॅबवाले अजून "ऑस्ट्रेलिया अँटिजेन" म्हणतात, कारण तो पहिल्यांदा एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात दिसला. सी तर १९८९ पर्यंत नावानिशी माहीत नव्हता. बाबांना शाळेत, जत्रेत, गावच्या दवाखान्यात मिळालेलं प्रत्येक इंजेक्शन काचेच्या सिरिंजमधून आलं असणार. स्टीलच्या डबीत सुया उकळत ठेवलेल्या असायच्या. गर्दीच्या दिवशी त्या किती उकळायच्या हे त्या डबीलाच ठाऊक. त्यात आपल्याकडे सुई टोचली नाही तर डॉक्टरनं काही केलंच नाही असं वाटणारा पेशंट! पैसे घेऊन रक्त देणं आपल्याकडे बंद झालं ते सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून. त्याआधी ऑपरेशनच्या वेळी चढवलेल्या रक्ताची हमी कुणी द्यायची? आणि हे सगळं इतिहासजमा झालं म्हणावं तर २००९ मध्ये गुजरातच्या मोडासा भागात पुन्हा वापरलेल्या सिरिंजांमुळे हिपॅटायटिस बीची साथ आली आणि कितीतरी माणसं गेली.

इथे एक गैरसमज काढते. "आम्हाला घरात कधी कावीळ झाली नाही" हे वाक्य मी हजारदा ऐकलंय. गढूळ पाण्यातून येणारी कावीळ ए आणि ई विषाणूंची. ती डोळे पिवळे करते आणि बहुतेकांत आपोआप बरी होते. गावात कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन, हातावर चुना चोळून बरं वाटतं ते याच काविळीत. तिचा कॅन्सरशी संबंध नाही. बी आणि सी बहुधा कावीळ न करताच राहतात. जन्मतःच आईकडून बी मिळाला तर दहापैकी नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम करतो. मोठेपणी लागला तर शंभरातल्या पाचांतही नाही. म्हणून बाळाचे पहिले चोवीस तास एवढे महत्त्वाचे.

लस आपल्याकडे उशिरा आली. पुण्या-मुंबईतल्या मध्यमवर्गानं नव्वदच्या दशकात पैसे मोजून घेतली. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं देशी लस काढली आणि किंमत उतरली. सरकारी लसीकरणात ती २००२–०३ मध्ये काही शहरांत आणि जिल्ह्यांत प्रायोगिक तत्त्वावर आली, २००७–०८ मध्ये दहा राज्यांत, आणि सगळ्या देशात २०११ मध्ये. आता मघाचं जन्मसाल काढा. २०११ मध्ये जन्मलेलं मूल पन्नाशीचं होईल २०६१ मध्ये. म्हणजे देशभरच्या लसीचा पूर्ण परिणाम बघायला मी नसेन, बहुधा तुम्हीही नसाल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत : भारतात हिपॅटायटिस बी असलेले २ कोटी ९८ लाख, सी असलेले ५५ लाख. यातले बहुसंख्य लस येण्याआधी जन्मलेले. विषाणूमुळे होणारा कॅन्सर अजून दोन-तीन दशकं आपल्याबरोबर राहणार आहे.

मग "कारणं बदलली" म्हणजे काय? विषाणू गेले नाहीत. त्यांच्या शेजारी दुसरं कारण येऊन बसलं, आणि ते वेगानं मोठं होतंय : शुगर, पोटाचा घेर आणि फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये साठलेली चरबी. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीनं देशात १० कोटींवर मधुमेही मोजले. भारतातल्या अनेक पाहण्या एकत्र करून केलेल्या एका आढाव्यात दर दहा प्रौढांत जवळपास चार जणांना फॅटी लिव्हर निघालं. २०२१ मध्ये सरकारनं फॅटी लिव्हरला मधुमेह-रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं. यातल्या बहुतेकांना कॅन्सर होणार नाही, हे जोरात सांगते. माणशी धोका हिपॅटायटिस बीपेक्षा कितीतरी कमी आहे. पण लहान धोका कोट्यवधींना असला की वॉर्डात दिसायला लागतो. वीस वर्षांपूर्वी "कारण सापडत नाही" म्हणून शिक्का मारलेले कितीतरी सिरॉसिस, आता मागे वळून बघता, याच खात्यातले असावेत असं माझं मत आहे. जुन्या केसपेपरवर "शुगर आहे, वजन ८८" असं कोपऱ्यात लिहिलेलं असायचं आणि कुणी तिकडे लक्ष देत नसे.

दारूचं काय? बाबा प्यायले नाहीत, तुम्हाला त्याचं वाईट वाटतंय, आणि नातेवाइकांच्या नजरा मी न बघताही समजू शकते. लिव्हर म्हटलं की आपल्याकडे पहिला संशय बाटलीवर. पुरुषांत ती मोठं कारण आहेच, आणि शुगर किंवा बी-सी बरोबर असेल तर फारच घातक. पण दारू न पिणाऱ्याला लिव्हर कॅन्सर होणं हे अपवादात्मक अजिबात नाही.

देशभराचं एकच चित्र मात्र काढू नका. अरुणाचलच्या पापुम परे जिल्ह्यात लिव्हर कॅन्सरचा दर देशात सगळ्यात वरच्या पातळीवर आहे. पंजाबात हिपॅटायटिस सी इतका पसरला की राज्यानं २०१६ मध्ये मोफत औषधांची स्वतंत्र योजना काढली. मोठ्या शहरांत पारडं शुगर-चरबीकडे झुकतंय. आणि जी पिढी मला सगळ्यात जास्त काळजीत टाकते ती आज तीस ते पंचावन्न वयाची, म्हणजे बहुधा तुमची. या पिढीला लहानपणी सरकारी लस मिळाली नाही, आणि शुगर मात्र बापापेक्षा दहा-पंधरा वर्षं आधी आली. मघाशी शांघायच्या हिशेबात बघितलंत तसं, दोन कारणं एका लिव्हरमध्ये भेटली की नुसती बेरीज होत नाही. तिथे अफ्लाटॉक्सिन होतं, इथे चरबी असेल. गुणाकार तेवढा मोठा नसेल, पण दिशा तीच. विषाणूंचा वाटा कमी होत जाईल तसा चरबीचा वाढेल आणि एकूण दर बरीच वर्षं खाली येणार नाही, असा माझा अंदाज आहे.

आता तुमचा तिसरा प्रश्न. हे सगळं बाबांच्या फाइलवर अवलंबून आहे, म्हणून तिथून सुरुवात करा. शुगर आहे म्हणून फॅटी लिव्हरचाच कॅन्सर, असं गृहीत धरू नका. दोन कागद शोधा : एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची रक्तचाचणी) आणि अँटी-एचसीव्ही (सीची). कॅन्सरच्या उपचाराआधी ते बहुधा केलेले असतातच. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर आजी, आत्या, काका, आई, तुम्ही भावंडं, सगळ्यांनी ती चाचणी करायची. निगेटिव्ह असाल तर लसीचे तीन डोस : आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी. पॉझिटिव्ह निघालात तर घाबरायचं नाही, पण लिव्हरच्या डॉक्टरकडे नाव घालून ठेवायचं. सगळ्यांनाच गोळ्या लागत नाहीत, लक्ष मात्र सगळ्यांवर ठेवावं लागतं. सी निघाला तर बहुतेकांचं बारा आठवड्यांच्या गोळ्यांत भागतं आणि शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त पूर्ण बरे होतात. जुलै २०१८ पासूनच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात या चाचण्या आणि औषधं जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजात मोफत आहेत. लोकांना हे माहीतच नसतं आणि ती खासगीत हजारो रुपये घालवतात.

दोन्ही निगेटिव्ह निघाले तर नजर शुगर आणि वजनाकडे. तुमच्यापैकी ज्याला शुगर आहे किंवा पोट सुटलंय त्यानं फिब-फोर, म्हणजे लिव्हरवरच्या व्रणांचा अंदाज देणारा आकडा, काढून घ्यावा. वेगळी चाचणी लागत नाही. वय, एएसटी-एएलटी (रक्तातली लिव्हरची एन्झाइम्स) आणि प्लेटलेट यांतून तो निघतो, कुठलाही फिजिशियन दोन मिनिटांत काढतो. १.३ च्या खाली असेल तर लिव्हरवर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी, दोन-तीन वर्षांनी पुन्हा बघायचं. वर असेल तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते बाहेरूनच मोजणारी तपासणी. वय पासष्टच्या पुढे असेल तर हा उंबरठा थोडा वर धरतात, म्हणून आजीचा आकडा बघून घाबरू नका. ज्याला सिरॉसिस झालाय त्यानं दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, सोबत एएफपी ही लिव्हर कॅन्सरसाठीची रक्तचाचणी. यात आळस नको, कारण लहान असताना सापडलेली गाठच बरी करता येते. सिरॉसिस नसलेल्या, बाकी ठणठणीत माणसानं मात्र "कॅन्सर पॅकेज" म्हणून दरवर्षी एएफपी करत बसायचं कारण नाही. त्यातून निष्पन्न होते ती बहुधा काळजी आणि पुढच्या चार चाचण्या. आणि लिव्हर टॉनिकच्या बाटल्यांनी यातलं काहीही बदलत नाही, हे सांगून ठेवते, कारण कुणीतरी आणून देईलच.

एक राहिलं. तुमच्या बहिणीचं बाळंतपण जवळ आलंय असं तुम्ही ओघात लिहिलंय. गरोदरपणात एचबीएसएजी केलेलं असेल, तो कागद हातात घ्या. पॉझिटिव्ह असेल तर बाळाला जन्मल्यावर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं आणि ते आधी मागवून ठेवावं लागतं, रात्री-अपरात्री मिळत नाही. निगेटिव्ह असेल तरी लसीचा पहिला डोस चोवीस तासांच्या आत. बाळंतपण शनिवारी झालं आणि "लस सोमवारी देऊ" असं कुणी म्हणालं, तर सोमवारपर्यंत थांबू नका.